कोंडीरामभाऊ, जरा वास घ्या

कोंडीराम ओव्हाळ करणी करतो, अशी बातमी आमच्या चाळीत फुटली ती गुरुवारी. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. माणसं घरात असतात, नळावर गर्दी असते आणि कुणालाच कुठे जायची घाई नसते. बातमीला आणखी काय लागतं?

बातमी आणली छबूबाईंनी. त्यांची खोली कोंडीरामच्या खोलीला लागून, मध्ये पत्र्याची भिंत.

"दार लावून बसतो," त्या हंडा खाली ठेवत म्हणाल्या. "डोळ्याला फडकं बांधतो. पुढ्यात मांडणी. कापूर, लवंगा, लिंबू. एकेक उचलतो, नाकाशी धरतो, नाव घेतो, परत ठेवतो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पत्र्याला भोक आहे तिथून."

ते भोक कधी पडलं आणि कुणी पाडलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. दुपारपर्यंत त्या मांडणीत हळद-कुंकू आलं. संध्याकाळी बाहुली आली. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये एकानं मलाच सांगितलं, की बाहुलीला टाचण्या टोचल्या होत्या. माझ्याच चाळीतली बातमी मला बसमध्ये कळावी, हा माझा केवढा अपमान! एरवी उलट असतं.

तर खरं काय ते सांगतो. फडकं खरं. कापूर, लवंगा, लिंबू, सगळं खरं. करणी मात्र साफ खोटी. कोंडीराम अभ्यासाला बसला होता. पन्नाशी ओलांडलेला बॉयलरवरचा माणूस डोळे बांधून वास पाठ करत होता, कारण त्याचं नाक गेलं होतं. बाहेरून जागच्या जागी होतं, चांगलं लांब, टोकाला जरा वाकलेलं. आतून मात्र कुलूप. ही गोष्ट अख्ख्या चाळीत एकाच माणसाला ठाऊक होती आणि तो एक म्हणजे मी. देवानं गंमत करायची ठरवली की अशी करतो.

आता कुणी म्हणेल, एका माणसाला वास येत नाही, यात एवढं काय? त्यासाठी आधी ते नाक काय होतं ते समजून घ्यायला हवं.

कोंडीराम चाकणच्या पलीकडच्या एका वाडीतला. एकोणीसशे चौसष्ट साली तो सरूबाईला घेऊन भोसरीत आला तेव्हा चाळ नुकती उभी राहिली होती. मी पारनेरहून आलो त्याच्या पुढच्या वर्षी. त्याची खोली पार टोकाची, गटाराकडची. दोघंही नवराबायको कमी बोलणारी. मूलबाळ नव्हतं. ही खोली भरलेली आहे की रिकामी, हे दिवा लागला तरच कळायचं.

मग एके संध्याकाळी हे नाक प्रसिद्धीला आलं. पिंपरीकडून वारा सुटला की औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास आमच्या चाळीवर येऊन बसायचा. त्या दिवशी तो एवढा होता की आम्ही सगळे नाकाला पदर आणि रुमाल लावून होतो. एवढ्यात कोंडीराम खोलीतून बाहेर आला, मान वर करून उभा राहिला, आणि "वायर जळतीया" म्हणत जिन्याखालच्या मीटरच्या पेटीकडे धावला. आत प्लास्टिक ठिबकायला लागलं होतं. त्यानं फ्यूज ओढले. अंधार झाला, पण चाळ राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई दुधाची चरवी घेऊन त्याच्या दारात उभ्या. "कोंडीरामभाऊ, जरा वास घ्या. गवळी म्हणतो ताजं आहे."

तिथून रीतच पडली. उन्हाळ्यात दूध नासायला लागलं की चरव्यांची रांग. दिवाळीला तुपाच्या वाट्या. कुणाचं तेल खवट, कुणाचं पीठ जुनं, कुणाच्या सुक्या बोंबलाचा भरवसा नाही. कोंडीराम उंबऱ्यावर बसायचा, चरवीवर तळहात झाकायचा, काढायचा, एकदाच वाकायचा. "चालंल." किंवा, "दही लावा." दोनच निकाल. पण निकाल लागल्यावर कुणी लगेच उठायचं नाही. सरूबाई चहा टाकायच्या. सासूचं, सुनेचं, पोराच्या नोकरीचं, सगळं त्या उंबऱ्यावर सांडायचं. खोटं कशाला बोलू, माझ्या निम्म्या बातम्यांचं उगमस्थान तेच.

मोठा मान मात्र बुद्धपौर्णिमेला. चाळीच्या मागं पत्र्याचं छोटं विहार. त्या दिवशी तिथं सगळ्या वस्तीसाठी खीर होते. दूध एका गवळ्याकडून पुरत नाही, म्हणून मोशी, दिघी, गावठाण असं चार-पाच ठिकाणांहून कॅन येतात. वैशाखाचं ऊन, आणि एक कॅन जरी नासलेला निघाला तरी सबंध हंडा वाया. म्हणून प्रत्येक कॅन आधी कोंडीरामपुढं. सगळी वस्ती गोल करून बघणार, तो पांढरा शर्ट घालून वाकणार, "चालंल" म्हणणार, मगच दूध हंड्यात. विहाराची किल्लीही त्याच्याकडेच. वर्षातून एक दिवस त्या मुक्या माणसाकडे शे-दोनशे डोळे बघायचे.

सरूबाई एकाहत्तर साली गेल्या. काविळीनं. त्यानंतर कोंडीरामच्या घरात बोलणारं असं काही उरलं नाही. ट्रान्झिस्टर होता, तोही घसा बसल्यासारखा. शिफ्ट संपली की तो यायचा, स्टोव्ह पेटवायचा, भाकरी थापायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. नुसतं बसायला म्हणून त्याच्याकडे कुणी जात नव्हतं. मीही नाही. जायचं ते हातात काही तरी घेऊन. चरवी आली की चरवीमागं माणूस आलं, आणि चरवी परत गेली की माणूसही गेलं.

नाक कधी मावळायला लागलं ते नक्की सांगता यायचं नाही. मला पहिला संशय आला तो वाऱ्यावरून. पिंपरीचा वास आला की सगळी चाळ एकदम नाक मुरडते. कोंडीरामही मुरडायचा, पण सगळ्यांनंतर. आधी आमच्या तोंडाकडे बघायचा, मग मुरडायचा. मी म्हटलं, म्हातारा झाला, सावकाश झाला. मग एकदा त्याची आमटी करपली. आमच्या घरापर्यंत धूर आला. आमची मंडळी धावत गेली, तर हा स्टोव्हपासून हातभर अंतरावर शांतपणे सुपारी कातरत बसलेला.

"भाऊ, आमटी जळतेय की!"

"व्हय, व्हय, बघतोच हाय," म्हणाला आणि मग पातेल्याकडे बघितलं.

साखर निघाली ती कंपनीच्या दवाखान्यात. तहान तहान करायचा, पायाला मुंग्या यायच्या. कंपाउंडरनं नळीत लघवी घेतली, निळं औषध घालून तापवली, आणि निळ्याचा चक्क विटेचा रंग झाला. "कोंडीराम, तुम्ही तर गुऱ्हाळच काढलंय," कंपाउंडर म्हणाला. गोळ्या सुरू झाल्या. गूळ, भात, गोड चहा बंद.

पुढच्या वर्षी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, जाड चष्म्याच्या, कुणावरही न ओरडणाऱ्या. साखरेच्या माणसांना वास कमी येतो का, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांना साखरेची माणसं हवी होती आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याच्याच वयाचा, तसंच काम करणारा एक बिनसाखरेचा. कंपाउंडरनं कोंडीरामच्या जोडीला मला लावलं. माझी नळी निळीच्या निळी राहिली. आयुष्यात एवढ्या स्वच्छ निकालानं मी कधीच पास झालो नव्हतो.

दवाखान्यात पडदा लावला होता. एक आत, एक बाहेर. डोळ्याला पट्टी, एक नाकपुडी बोटानं दाबायची, दुसऱ्या नाकपुडीखाली बाटली. मग दुसरी नाकपुडी. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, रबरी बुचांच्या, ओळीनं मांडलेल्या. मी आधी गेलो. लवंग ओळखली, हिंग ओळखला, संत्र्याची साल, साबण, रॉकेल. एकीला "जळका काथ्या" म्हणालो तर ती कॉफी निघाली.

"तुमच्याकडे कॉफी करत नाहीत का?"

"बाई, आमच्याकडे चहालाच दूध पुरत नाही."

त्या हसल्या आणि काही तरी लिहून घेतलं. मग कोंडीराम आत गेला आणि मी पडद्याबाहेर बाकावर बसलो. कान काही मी घरी ठेवून येत नाही.

"आता काय वाटतं?" बाईंचा आवाज.

"लवंग."

थोडं थांबून, "बरं. आता?"

"हिंग… न्हाई, वेलदोडा."

"आता?"

"ह्यो कापूर. ह्यो पक्का."

"वास येतो म्हणून कापूर, की आत गार लागतं म्हणून?"

पुन्हा एकदा जोरात हुंगल्याचा आवाज आला. मग कोंडीराम म्हणाला, "गार लागतंय."

"आणि आता?"

"चंदन."

रबर दाबल्याचा बारीक आवाज आला. बाईंनी बाटलीला बुच लावलं असावं. "दादा, या बाटलीत नुसतं पाणी होतं," त्या म्हणाल्या. "ओळखायला चुकलात तरी चालतं. मला एवढंच सांगा, वास येतो पण कशाचा ते कळत नाही, की वासच येत नाही?"

"येतो की," कोंडीराम म्हणाला. "पर लांबनं. गल्लीच्या त्या टोकाला कुनी फोडनी द्यावी, तसा. कदी कदी तितका बी न्हाई."

बाईंनी त्याला समजावलं. साखरेनं पायाच्या शिरा बधिर होतात, तसंच नाकातही होत असावं असं वाटतं, तेच आम्ही तपासतोय. परत येईल का? तसं सांगता येणार नाही. साखर ताब्यात ठेवा, विडी सोडा, आणि घरात स्टोव्ह जपून पेटवा.

परतताना तो कंपनीच्या नाक्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसला. मीही बसलो. ट्रक जात होते.

"बबनराव, तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हे समद्या भोसरीला ठावं हाय."

"आभारी आहे."

"पर एवढा एक भिजू द्या."

"अहो, आजार आहे. चोरी आहे का? सांगून टाका. उलट लोक चौकशीला येतील."

"चौकशीला चार दिस येतील." तो बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला. "सरू गेली तवापासनं माज्या दारात कोन येतं, सांगा. चरवी येती. तिच्यामागनं मानूस येतं. नाक न्हाई म्हनलं की चरवी कशाला यील? आन् चरवी न्हाई आली तर…"

नाडी बांधून झाली. वाक्य राहिलं.

मी तीळ भिजू दिला. विश्वास ठेवा, गाठोड्यात साप बांधून हिंडल्यासारखं होतं ते. चाळीतली एवढी मोठी बातमी माझ्या पोटात, आणि मी नळावर पाण्याच्या वेळांबद्दल बोलतोय!

कोंडीरामनं मात्र युक्ती काढली. चरवी आली की तो ती घेऊन आत जायचा. "उजेडाला बघतो," म्हणायचा. आत स्टोव्ह बारीक पेटलेला असायचा. पळीभर दूध काढून तो ज्योतीवर धरायचा. फुटलं तर नासलेलं, नाही फुटलं तर चांगलं. बाहेर येऊन "चालंल" किंवा "दही लावा". निकाल नाकापेक्षा पक्का! तुपाचं विचारलं तर, "डॉक्टरनं तूप बंद केलंय," म्हणून हात झटकायचा. जणू वास घेतला तरी अंगाला लागणार होतं. आणि चरवी परत देताना मुद्दाम विचारायचा, "पोरगं आलं का गावावनं?" म्हणजे बाई थांबावी.

छबूबाईंना तेवढं खटकलं होतं. "बाहेर लख्ख ऊन, आत मिट्ट काळोख, आणि हा म्हणतो उजेडाला बघतो. कसला उजेड बाई आत?" त्यातूनच पत्र्याला ते भोक पडलं असावं. मला काय माहीत?

पण पळीनं विहारातलं भागणार नव्हतं. तिथं सगळ्यांसमोर उभं राहून वाकायचं, आत कुठं जाणार? म्हणून त्यानं कंपाउंडरकडून रिकाम्या बाटल्या मागून आणल्या, वाण्याकडून लवंगा, कापूर, हिंग आणला आणि बिस्किटाच्या डब्यात शाळा भरवली. डोळे बांधून एकेक बाटली नाकाशी धरायची, नाव घ्यायचं, पट्टी काढून बघायचं. एका बाटलीत ताजं दूध, एकीत कालचं. रोज बदलायचा. परीक्षेत नापास झालेला माणूस पुन्हा अभ्यास करून पास होतो, तर नाक का होणार नाही, असा त्याचा हिशेब.

आणि नेमकं हेच छबूबाईंनी भोकातून बघितलं. लिंबू, कापूर, लवंगा! आमच्या चाळीतली निम्म्याहून जास्त घरं बौद्ध. कोंडीराम म्हणजे बावीस प्रतिज्ञा घेतलेला, विहाराची किल्ली बाळगणारा माणूस. दुसऱ्या कुणी लिंबू कापलं असतं तर लोकांनी सरबत समजलं असतं. त्यानं कापलं म्हणजे विटंबना झाली.

विहाराच्या कमिटीचे नानासाहेब. निवृत्त फोरमन, सगळ्यांशी अजून शिफ्टवर असल्यासारखे बोलणारे. ते मला बरोबर घेऊन कोंडीरामच्या दारात गेले.

"जय भीम, कोंडीराम."

"जय भीम, नानासाहेब. या. बबनराव, तुमी बी या. चहा…"

"चहा राहू दे. डबा दाखव."

डबा उघडला. नानासाहेबांनी एक बाटली उचलून हुंगली, ती मिरपुडीची निघाली. लागोपाठ एवढ्या शिंका आल्या की चौकशीतला दरारा तिथंच संपला.

"हे काय आहे?" डोळे पुसत ते म्हणाले.

कोंडीरामनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"नाकाचा व्यायाम हाय. पुन्याच्या डॉक्टरीनबाईचं काम चाललंया, त्येच्यातलं."

"मग डोळे कशाला बांधतोस?"

"डोळं उघडं असलं की नाक आळस करतंया."

नानासाहेबांना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच घोटाळा झाला. ते म्हणाले, "माझा विश्वास आहे. पण वस्तीचं तोंड कोण धरणार? एक उपाय आहे. पौर्णिमेला तू नेहमीसारखा सगळ्यांसमोर दूध बघ. ज्यानं पारखलेल्या दुधाची खीर लोक खातात, त्याच्यावर करणीचा आळ टिकत नाही. नाही आलास, तर मात्र मला किल्ली मागावी लागेल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी सांगून टाका."

"पौर्णिमेपतूर थोडं यील," तो म्हणाला. "काल कापूर बरूबर सांगितला."

"कापूर गार लागतो हो!"

त्यानं बुच लावलं आणि बाटली डब्यात ठेवली.

मग मीच एक योजना दिली. माझं नाक शाबूत, डॉक्टरचं प्रमाणपत्र असलेलं. मी त्याच्या बाजूला उभा राहणार. दूध नासलेलं वाटलं तर डोकं खाजवणार. ठीक वाटलं तर हात खाली.

पौर्णिमेच्या सकाळी विहारापुढं मांडव, पांढऱ्या साड्या, पंचशील झालेलं, चुलाणावर मोठा हंडा. दरवर्षीपेक्षा गर्दी जास्त. खीर काय दरवर्षीच असते, या वेळी करणीवाला बघायचा होता. पाच कॅन ओळीनं ठेवले. कोंडीराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. मी दोन पावलांवर.

पहिला कॅन. वाकला. मी हात खाली. "चालंल." दुसरा कॅन. "चालंल." लोकांत कुजबुज सैल झाली. छबूबाई पुढच्याच रांगेत, पदर खोचून.

तिसऱ्या कॅनवर तो वाकला आणि माझी फजिती सुरू झाली. मांडवात अगरबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावलेला. मेणबत्त्या, मोगरा, चुलाणाचा धूर, माणसांचा घाम. दोन पावलांवरून मला त्या कॅनचा काही म्हणजे काही पत्ता लागेना. खरं तर आधीच्या दोहोंचाही लागला नव्हता. हात आपोआप खाली राहिला होता. कोंडीरामनं तिरकं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. वर करावा तर चांगलं दूध फेकलं जाईल, न करावा तर… माझा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. आम्ही दोघं प्रौढ माणसं एका दुधाच्या कॅनवर एकमेकांकडे बघत उभे. हंड्यापाशी पोरं आतापासूनच वाट्या वाजवत होती.

कोंडीरामनं तिकडे एकदा बघितलं. मग तो सरळ झाला.

"नानासाहेब, ह्ये मला कळत न्हाई," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू आला. "आदीचं दोन बी कळलं न्हाईत. माजं नाक गेलंय. साखरंनं गेलंय. लेकरं खानार हायती, दूध दुसरं कुनी तरी बघा."

पहिला आवाज छबूबाईंचाच.

"मग इतके दिवस माझ्या दुधाला काय बघत होता हो?"

"पळीत घिऊन तापवत हुतो. फुटलं की फुटलं."

"आणि तो उजेड?"

"इस्टोव्हचा."

कुणी तरी फिसकन हसलं. मग सगळा मांडव हसला. कोंडीरामही हसला, पण पिंपरीच्या वाऱ्याला नाक मुरडायचा तसा, सगळ्यांनंतर.

नानासाहेबांनी लगेच स्टोव्ह मागवला, पळी मागवली आणि एकेक कॅन तपासला. तिसरा चांगला होता. फुटला चौथा; गवळ्यानं रात्रीचं दूध सकाळच्यात ओतलं होतं. तो बाजूला काढला, खीर छान झाली. करणीची गोष्ट तिथंच मेली. छबूबाई तर जाताना म्हणाल्या, "मी तसं कधी म्हटलंच नव्हतं." नानासाहेबांनी किल्ली कोंडीरामकडेच ठेवली आणि सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

पुढचे चार दिवस त्याचा उंबरा भरलेला होता. कुणी कारल्याचा रस आणला, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी मेथ्या. सुमनताईंनी कडुनिंबाच्या गोळ्या वळून दिल्या. एवढं कडू त्या दारात कधी आलं नव्हतं. मग ते ओसरलं. कोंडीराम म्हणाला होता तसंच, चार दिवस.

आणि चरव्याही थांबल्या. रागानं नाही बरं का. चाळीला पळी कळली होती. घरोघर बाया स्वतःच पळीभर दूध ज्योतीवर धरून बघायला लागल्या. टोकाच्या खोलीपर्यंत चालत जायचं कारण उरलं नाही. आमची मंडळीसुद्धा तेच करते, मी विचारलं तर म्हणाली, "भाऊंना कशाला त्रास?"

त्याचं उंबऱ्यावर बसणं मात्र सुटलं नाही. शिफ्टवरून आला की भाकरी, मग उंबरा. समोरून बाया हंडे घेऊन जायच्या, "काय भाऊ, बरंय ना?" म्हणायच्या. "बरं हाय," म्हणेपर्यंत पुढं गेलेल्या असायच्या. बिस्किटाचा डबा त्यानं माळ्यावर टाकला. घराघरांतून संध्याकाळच्या फोडण्या पडायच्या, ठसका मला यायचा. तो तसाच बसलेला, ओळीतल्या शेवटच्या दिव्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासायला बोलावलं तेव्हा मला वाटलं हा जाणार नाही. हा पांढरा शर्ट घालून तयार.

"आता कशाला?" मी म्हटलं. "पुन्हा नापासच व्हायचं ना?"

"व्हईना का. तितं एक मानूस समूर बसतं, आन् घडीघडी इचारतं, आता काय वाटतं, आता काय वाटतं." तो शर्टाची बटणं लावत होता. "हितं कोन इचारतंय?"

मी कंपनीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो.

त्याच्या पुढच्याच गुरुवारी, चाळ जेवून आडवी झाली होती, तेव्हा मी घरातली दुधाची चरवी उचलली. मंडळींनी विचारलं कुठं, मी म्हटलं आलोच. टोकापर्यंत गेलो. कोंडीराम उंबऱ्यावर, पाठ चौकटीला टेकून, डोळे मिटलेले. जुन्या बाया हाक मारायच्या तशीच मी मारली, थोडा आवाज बारीक करून.

"कोंडीरामभाऊ, जरा वास घ्या."

त्यानं डोळे उघडले. चरवी हातात घेतली, तळहात झाकला नाही, वाकला नाही. नुसती तिरपी करून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"बबनराव, वर बोटभर साय धरलीया. तापवल्यालं दूध घिऊन वास घ्यायला आलाय व्हय? बसायचं असलं तर रिकाम्या हातानं बसा की."